आमच्या घरांत हे कोण?

हल्लीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत घरच्या संगणकासंबंधानें दोन पंथ निर्माण झाले आहेत. पहिल्या पंथाचें म्हणणें असें कीं, यंत्रांत जें नांव आपल्या ओळखीचें नाहीं तें चोराचें समजावें आणि दिसतांच काढून टाकावें. दुसऱ्या पंथाचें म्हणणें असें कीं, यंत्र ज्यानें केलें त्याला त्यांतलें कळतें. आपण आंत डोकावण्याचें कारण नाहीं. पहिला पंथ स्वतःस सावध म्हणवितो, दुसरा समंजस म्हणवितो. आमच्या मतें हे दोन्ही पंथ एकाच आळसाचीं दोन रूपें होत. यंत्रांत काय चाललें आहे तें वाचून पाहण्याचे श्रम दोघांसहि नको आहेत. एक ते श्रम भीतीनें टाळतो, दुसरा भक्तीनें. या दोहोंचाहि समाचार घेणें आम्हांस आवश्यक वाटतें. कारण हा प्रश्न आतां चैनीच्या वस्तूचा राहिलेला नाहीं, घराचा झाला आहे.

बदलापूरच्या पश्चिम भागांतील बेलवलीचेंच उदाहरण घ्या. एके काळचें हें खेडें. आज तेथें सोसायट्यांच्या इमारती उभ्या आहेत. येथील नोकरदार मनुष्य सकाळची लोकल धरून मुंबईची वाट चालतो आणि दिवेलागण उलटल्यावर घरीं पोहोंचतो. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, सामान्य प्रवाशांस लोकल बंद झाली, आणि कचेरी व शाळा या दोन्ही एकाच टेबलावर येऊन बसल्या. पुढें टाळेबंदी उठली. परंतु यंत्र घरांतून गेलें नाहीं. आज त्यांत घरकर्जाचे कागद आहेत, बँकेचे व्यवहार आहेत, मुलांचे निबंध आहेत, आजीच्या रक्ततपासणीचे अहवाल आहेत, आणि लग्नमुंजींचीं छायाचित्रें आहेत. ज्या कपाटांत एवढें ठेवावयाचें, त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हें घरच्या मंडळींनीं विचारूं नये काय?

विचारण्याची सोय यंत्रांतच आहे. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्या क्षणीं यंत्रांत जीं जीं कामें चालू असतील त्यांची यादी तेथें मिळते. अशा चालू कामास प्रोसेस म्हणतात. डिस्कवर निजलेला प्रोग्रॅम म्हणजे वहींत लिहिलेली पाककृति, आणि प्रोसेस म्हणजे चुलीवर चढलेलें भांडें. एकाच पाककृतीचीं चार भांडीं एका वेळीं चढूं शकतात. म्हणून एकच नांव यादींत चार वेळां दिसलें तरी तेवढ्यानें बिचकण्याचें कारण नाहीं. आपण एकहि खिडकी उघडली नसतां या यादींत शंभराहून अधिक नोंदी सहज आढळतात. आणि नांवें तरी कशीं! एसव्हीसीहोस्ट, सीएसआरएसएस, एलएसएएसएस, डीडब्ल्यूएम, एमएसएमपीईएनजी! २०१३ सालीं बंद झालेल्या तारसेवेंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसें शब्द तोडून लिहीत. येथें अक्षरास दमडीहि पडत नसतां ही काटकसर कोणाच्या फायद्यासाठीं, हा प्रश्न वाचकानें मनांत राखून ठेवावा. त्याकडे आम्ही पुढें येऊं.

प्रथम भित्र्या पंथाकडे वळूं. या पंथाचा मनुष्य ही यादी उघडतो आणि सिस्टिम आयडल प्रोसेस या नांवापुढें नव्वदाच्या वरचा आंकडा पाहून ओरडतो कीं, कोणी तरी आमच्या यंत्राची नव्वद टक्के शक्ति खाऊन टाकीत आहे! वस्तुतः ती नोंद यंत्राच्या रिकाम्या वेळेची आहे. प्रोसेसरला दुसरें काम नाहीं, तेव्हां तो वेळ या नांवावर मांडला जातो. जमाखर्चाच्या वहींतील शिल्लक रकमेस खर्च समजून बोंब मारणाऱ्या कारकुनास आपण काय म्हणतों? तरी असल्या बोंबेवर विश्वास ठेवणारीं घरें थोडीं नाहींत.

अशा भीतीचा इतिहास जुना आहे. २००१ सालीं जगभर एक पत्र ईमेलनें फिरलें. तुमच्या यंत्रांत सल्फनबीके नांवाची फाइल आहे, ती विषाणु आहे, ताबडतोब काढून टाका व सर्व स्नेह्यांस कळवा, असा त्यांत उपदेश होता. लोकांनीं शोधलें, फाइल सांपडली, लोकांनीं ती काढली. परंतु ती विंडोजचीच फाइल होती आणि फाइलींचीं लांब नांवें पूर्ववत् करण्याचें तिचें काम होतें. पुढल्याच वर्षीं जेडीबीजीएमजीआर या फाइलीविषयीं तसेंच पत्र निघालें. तिचें चिन्ह अस्वलाच्या बाहुलीचें होतें, एवढाच तिचा अपराध. या दोन्ही प्रकरणांत विषाणु नव्हताच. पत्र हाच रोग होता, आणि भिणाऱ्या मनुष्याच्या हातानेंच त्याचें यंत्र बिघडविण्याची युक्ति त्या रोगास साधली होती. आज तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक समूहांतून नव्या नांवानें येतो, आणि ज्यांनीं तो कधींहि तपासून पाहिलेला नाहीं असे मामा-काका तो पुढें पाठवितात.

याहून मोठी हानि होते ती अशी कीं, भिणारा मनुष्य आपल्याच रखवालदारास बाहेर काढावयास निघतो. एमएसएमपीईएनजी हा विंडोजच्या स्वतःच्या विषाणुरोधक यंत्रणेचा भाग. तपासणी चालू असतांना तो यंत्राची शक्ति वापरतो व यंत्र मंदावतें. लगेच त्यास बंद करण्याच्या खटपटी सुरू होतात. एसव्हीसीहोस्टचेंहि तसेंच. विंडोजमधील पुष्कळशा पडद्यामागील सेवा डीएलएल नांवाच्या फाइलींत असतात. अशी फाइल स्वतःच्या पायांवर चालूं शकत नाहीं. तिला यजमान लागतो. एसव्हीसीहोस्ट हा तो यजमान. पूर्वीं एकाच यजमानाकडे अनेक सेवा उतरत. २०१७ सालीं आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, ज्या यंत्रांत साडेतीन गिगाबाइटहून अधिक मेमरी आहे तेथें बहुतेक सेवांस स्वतंत्र यजमान मिळाला. एक सेवा कोसळली तर तिनें शेजारणीस पाडूं नये, आणि कोण किती मेमरी वापरते हें वेगळें दिसावें, असा त्यांतील हेतु. यादी एकदम लांबली ती यामुळें. आणि नेमकी हीच लांबी भित्र्या पंथास चोरांची रांग वाटते.

आतां भक्तांचा पंथ. यांचें म्हणणें, मोठी कंपनी आहे, ती कशाला लबाडी करील? यांस आम्ही सोनी बीएमजीची गोष्ट सांगतों. २००५ सालीं या संगीत कंपनीच्या कांहीं तबकड्यांत नक्कल रोखण्यासाठीं एक प्रोग्रॅम घातलेला होता. गाणें ऐकावयास तबकडी संगणकांत घालावी, तों हा आंत उतरे व स्वतःस लपवी. इतकेंच नव्हे, तर ठराविक अक्षरांनीं सुरू होणारें कोणतेंहि नांव तो यादींतून अदृश्य करी. म्हणजे दुसऱ्या कोणा चोरानें तीं अक्षरें आपल्या नांवामागें लावलीं कीं त्यासहि आयताच बुरखा मिळे. मार्क रसिनोव्हिच या तज्ज्ञास हा प्रकार स्वतःच्याच यंत्रांत आढळला आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं त्यानें तो जगापुढें मांडला. कंपनीस त्या तबकड्या बाजारांतून परत घ्याव्या लागल्या. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, हें कृत्य रात्रीं भिंत फोडणाऱ्याचें नव्हतें. दुकानांत रीतसर पैसे मोजून आणलेल्या मालाचें होतें.

ही एकच गोष्ट असती तर अपवाद म्हणून सोडून देतां आली असती. परंतु फेब्रुवारी २०१५ मध्यें लेनोव्हो कंपनीच्या कित्येक लॅपटॉपांत सुपरफिश नांवाचा प्रोग्रॅम कारखान्यांतूनच भरून आल्याचें उघडकीस आलें. तो वेबपानांत जाहिराती घुसवी, आणि त्यासाठीं सुरक्षित दळणवळणाचें कुलूपच ढिलें करून ठेवी. २०१७ सालीं सीक्लीनर या, यंत्र स्वच्छ करण्यासाठींच घरोघर घेतल्या गेलेल्या प्रोग्रॅमच्या एका आवृत्तींत परक्यांनीं घातक मजकूर घुसविला. आणि ती आवृत्ति कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशीं लोकांकडे गेली. त्याच वर्षीं २७ जून रोजीं युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या नित्याच्या अद्ययावतीकरणांतून नॉटपेट्या हें अरिष्ट बाहेर पडलें. त्याचा तडाखा आमच्या कोंकणपट्टींतील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोंचला व तेथील एका टर्मिनलचें काम थांबलें. हिशेबाचा प्रोग्रॅम पडद्यामागें स्वतःस ताजा करीत होता, याहून अधिक निरुपद्रवी दिसणारी प्रोसेस कोणती? भक्तांनीं आतां सांगावें, विश्वास ठेवावयाचा तो कशावर?

आमचें उत्तर असें: ओळखीच्या नांवावर विश्वास ठेवूं नये, अनोळखी नांवावर आरोप करूं नये, दोघांचीहि चौकशी करावी. ही चौकशी दिसते तितकी अवघड नाहीं. दादरच्या फलाटावर उभा असलेला बेलवलीकर गाडी आली म्हणून चढत नाहीं. अंबरनाथ लोकल बदलापूरच्या अलीकडेच संपते हें त्यास ठाऊक असतें. तो इंडिकेटर वाचतो, गाडी जलद कीं धीमी तें पाहतो, आणि मग पाऊल उचलतो. रेल्वेचें यंत्रशास्त्र त्यास येत नाहीं व त्याची त्यास गरजहि नाहीं. जी बुद्धि तो रोज सायंकाळीं फलाटावर चालवितो, तीच घरच्या टेबलावर चालवावी एवढीच आमची विनंति आहे.

पहिला प्रश्न ठिकाणाचा. यादींतील नांवावर उजवी कळ दाबून फाइलीचें स्थान उघडतां येतें. विंडोजचें म्हणून मिरविणारें नांव विंडोजच्या फोल्डरांतील सिस्टिम ३२ सारख्या जागीं असेल तर तें आपल्या घरीं आहे. तेंच डाउनलोड्सच्या किंवा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरांत बसलेलें आढळलें तर तेथें तें काय करतें हें विचारलेंच पाहिजे. दुसरा प्रश्न अक्षरांचा. एस, व्ही, सी यांच्या जागीं एस, सी, व्ही असा उलटापालट करून, किंवा इंग्रजी लहान एलच्या ठिकाणीं तसाच दिसणारा मोठा आय बसवून बहुरूपी आंत शिरतात. म्हणून नांव घाईनें न वाचतां अक्षर अक्षर लावून वाचावें. तिसरा प्रश्न सहीचा. फाइलीच्या गुणधर्मांत डिजिटल सही कोणाची तें दिसतें. मात्र सही माल कोणाचा एवढेंच सांगते, मालकाच्या मनांत काय आहे तें सांगत नाहीं. सीक्लीनरची गोष्ट आम्ही वर सांगितली ती एवढ्यासाठींच.

चौथा प्रश्न कुळाचा. प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या कोणी तरी सुरू केलेली असते. खरा एसव्हीसीहोस्ट सर्व्हिसेस या नांवाच्या प्रोसेसच्या पोटीं जन्मतो. तो एखाद्या खेळाच्या किंवा पत्रासोबत आलेल्या कागदाच्या पोटीं जन्मलेला दिसला तर दाळ शिजत नाहीं असें समजावें. हें कूळ पाहण्यासाठीं प्रोसेस एक्सप्लोरर नांवाचें साधन मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतें. वर उल्लेखिलेले रसिनोव्हिच व त्यांचे सहकारी ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसिंटर्नल्स या संग्रहांतील तें आहे. २००६ सालीं मायक्रोसॉफ्टनें तो संग्रह आपल्याकडे घेतला. त्याच साधनांतून एखाद्या फाइलीचा ठसा व्हायरसटोटलकडे पाठवून अनेक विषाणुरोधकांचें मत एकदम घेतां येतें. येथें एक सावधगिरी हवी: ठसा पाठवावा, घरची खाजगी कागदपत्रें तेथें चढवूं नयेत, कारण चढविलेली फाइल इतर अभ्यासकांच्या हातीं जाऊं शकते. पांचवा प्रश्न वागणुकीचा. यंत्र स्वस्थ असतां कोण राबतें, जाळ्यावर कोण सारखें बोलतें, यंत्र सुरू होतांच न बोलावतां कोण हजर होतें, हें चार दिवस पाहिलें तर पुष्कळांचीं सोंगें आपोआप उघडीं पडतात.

यावर आमचे कांहीं मित्र म्हणतील, एवढी उठाठेव सामान्य गृहस्थानें कां करावी? विजेचा मीटर कसा चालतो तें तरी आम्हांस कोठें कळतें? आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु त्याच्या पोटांतच त्याचें उत्तर आहे. मीटरच्या आंतील रचना आम्हांस कळत नाहीं, पण त्यावरील आंकडा आम्ही वाचूं शकतों. महिन्याअखेर जें बिल येतें त्यांत मागील रीडिंग, चालू रीडिंग व वापरलेले युनिट हीं मांडलेलीं असतात, आणि तें बिल मराठींत असतें. शेजारच्यानें आमच्या तारेवर आंकडा टाकला तर त्याचा सुगावा आम्हांस त्या बिलावरून लागतो. यंत्राचें ज्ञान आणि यंत्राचा हिशेब या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिलें तज्ज्ञाचें काम. दुसरा गृहस्थाचा हक्क. संगणकाच्या बाबतींत आम्ही मागतों तो हिशेबच मागतों.

आणि येथें आम्ही राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येतों. भित्र्यांस व भक्तांस आम्ही बोल लावला खरा. परंतु मूळ अपराध त्यांचा नव्हे. ज्यांनीं हीं यंत्रें व हे प्रोग्रॅम केले, त्यांनीं आपले चाकर आमच्या घरांत ठेवले आणि त्यांचीं नांवें आम्हांस उलगडूं नयेत अशीं ठेवलीं. युनिक्सच्या कुळांतील यंत्रांवर पडद्यामागील प्रोसेसला डीमन म्हणतात. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगांतील, दारावर बसून एक एक रेणू निवडणाऱ्या अदृश्य पिशाच्चावरून अमेरिकेंतील एमआयटीच्या मंडळींनीं हा शब्द उचलला. विंडोजवाल्यांनीं त्याच जातीच्या वस्तूस सर्व्हिस असें सोज्ज्वळ नांव दिलें. पिशाच्च म्हणा वा सेवा म्हणा, धन्यास तोंड दाखविण्याची चाल दोघांसहि नाहीं. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ निदान बोलत तरी असे!

नांव तोडकें असण्यास प्रोग्रॅम लिहिणाराची सोय हें कारण आहे, हें आम्ही जाणतों. पण त्याची सोय म्हणून आमचें अज्ञान, हा सौदा आम्ही कधीं केला? हें काम काय आहे, कोणाच्या हुकुमानें चाललें आहे, बंद केलें तर काय अडेल, आणि घरांतील कोणती माहिती बाहेर पाठवितें, या चार ओळी प्रत्येक नोंदीपुढें असाव्या; आणि त्या मराठींत असाव्या. यंत्राची दर्शनी भाषा मराठी करतां येते, पण या यादींतील संक्षेप तसेच्या तसे राहतात. म्हणजे ओटी मराठी आणि माजघर परकें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आम्हीं पेढे वांटले. ज्या भाषेंत आमच्या घरांतील चाकराचें नांव-गांव आम्हांस विचारतां येत नाहीं, तिच्या अभिजातपणाचे पेढे किती दिवस गोड लागणार?

ही मागणी अव्यवहार्य आहे असें कोणी म्हणूं नये. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती घेतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत वाचण्याची मोकळीक नागरिकास असली पाहिजे, असें त्यांत म्हटलें आहे. आणि त्या परिशिष्टांत मराठी आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालें आहे. जी सूचना एकदां संमति घेतांना मराठींत देतां येते, ती रोज रात्रंदिवस चालणाऱ्या कामाविषयीं कां देतां येऊं नये?

हें सारें शब्दांचें भांडण आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं तिसऱ्या पात्राकडे पाहावें. तो दूरध्वनीवर येतो. मोठ्या कंपनीचा माणूस म्हणून बोलतो, घरीं एकट्या असलेल्या निवृत्त गृहस्थास किंवा बाईंस ही यादी उघडावयास लावतो, आणि म्हणतो, हीं नांवें तुमच्या ओळखीचीं आहेत काय? नाहींत ना? मग तुमच्या यंत्रांत चोर शिरले आहेत! नंतर तो दूरवरून यंत्र हाताळण्याचा एक प्रोग्रॅम उतरवून घ्यावयास सांगतो, आणि ज्या घरांत चोर नव्हता तेथें तो स्वतः शिरतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्क या दूरनियंत्रणाच्या ॲपचा असा दुरुपयोग होत असल्याचा इशारा बँकांस दिला होता. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करतां येते. पण मुद्दा असा कीं, या भामट्याचें भांडवल एकच आहे, आणि तें म्हणजे आमच्याच यंत्रांतील नांवें आम्हांस अनोळखी असणें. कंपनीनें अंधार ठेवला, आम्हीं दिवा लावला नाहीं, आणि तो त्या अंधारांत धंदा करतो.

म्हणून कंपन्यांस जाग येईपर्यंत स्वस्थ बसण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. यंत्र निकोप चाललें असेल अशा एखाद्या रविवारीं घरच्या मंडळींनीं ही यादी उघडावी, आणि दुधाच्या व वाण्याच्या हिशेबाशेजारीं एका वहींत तिची नोंद करावी: नांव, ठिकाण, सही, काम. शाळेंत जाणारीं मुलें अक्षरें लावून देतील, वडील मंडळी शंका काढतील. शंभर नांवें एका बैठकींत होणार नाहींत. रोज पांच लिहिलीं तरी तीन आठवड्यांत वही भरत येईल. पुढें कधीं यंत्र मंदावलें, किंवा दूरध्वनीवर कोणी दरडावूं लागला, तर वही उघडावी. जीं नांवें वहींत आहेत त्यांच्यासाठीं भिण्याचें कारण नाहीं. जें नांव वहींत नाहीं त्याची चौकशी त्याच सायंकाळीं करावी, आणि तोंपर्यंत बँकेचा व्यवहार त्या यंत्रावर करूं नये. आणि ज्या नांवाचा अर्थ शोधूनहि मिळाला नाहीं, तें नांव लिहून त्याच्या कर्त्यास मराठींत पत्र पाठवावें. अशीं पत्रें बेलवलीसारख्या गांवांतून शेंकड्यांनीं जाऊं लागलीं म्हणजे हिशेब देण्याची भाषा त्यांसहि शिकावी लागेल.